प्रभाच्या गाण्याची साथ

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१९ नोव्हेंबर १९७८

चंद्रप्रभावन्सं,

माझं अक्षर तुम्ही ओळखलं असेल. पत्र बाजूला टाकण्याआधी एवढं वाचा की घरात कुणी गेलेलं नाही. सतरा वर्षांनी भावाच्या घरून पत्र आलं की मनात पहिल्यांदा तेच येतं, म्हणून आधी तेच लिहून टाकते.

यांची तब्येत जरा नरम आहे. उन्हाळ्यात खोकला धरला तो गेलाच नाही. छातीत कफ आहे म्हणतात. सुया झाल्या, आता गोळ्या चालू आहेत. ऑफिसातून रजा घेतली आहे. ऐकायलाही थोडं कमी येतं, औषधांनी होतं तसं कधी कधी. बाकी सगळं ठीक. अलका बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचं बोट धरून गोल मार्केटच्या बाजारात हिंडायची, ती आता माझ्याहून उंच झाली आहे. मराठी बोलते, पण वाक्य सुरू मराठीत करते आणि संपवते हिंदीत.

पत्राचं कारण असं. शशिकांतभावजी तुम्हाला आठवत असतील, तुमच्या गाण्याला तबल्यावर तेच बसायचे. ते फरीदाबादला कारखान्यात असतात. त्यांनी आणि मंडळातल्या लोकांनी यांच्या औषधपाण्यासाठी एक गाण्याचा कार्यक्रम करायचं ठरवलं आहे. संक्रांतीच्या रविवारी दुपारी, आमच्या सेक्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये. मला आधी फार संकोच वाटला. आपल्या माणसासाठी तिकिटं विकली जाणार, हे ऐकायलाच नको वाटत होतं. भावजी म्हणाले, "वहिनी, दिल्लीत एक मराठी घर दाखवा, जिथल्या बारशाला नाहीतर लग्नाला भालूने पेटी वाजवली नाही. लोकांना द्यायचंय. तुम्ही चुपचाप घ्या." मग मी हो म्हटलं.

भावजींनी विचारलं, "चंद्रप्रभा येईल का?" मी म्हटलं, लिहून बघते. यांनीही सांगितलं आहे की प्रभाला कळव. पानिपत ते काय लांब, सकाळच्या बसने निघालात तर जेवायला इथे पोचाल. विनायकरावांनाही आणा. गाण्याचा आग्रह कुणी करणार नाही. नुसत्या येऊन बसलात तरी पुष्कळ.

वाट बघते.

हेमलता


आर. के. पुरम
१० डिसेंबर १९७८

वन्सं,

तुमचं उत्तर नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही दिलं नसतं, कारण त्या पत्रात मी खरं लिहिलंच नव्हतं. आज लिहिते.

यांना टीबी झाला होता. जीव वाचला, आता कुणाला लागण व्हायची भीती नाही असंही डॉक्टरांनी सांगितलं आहे. पण त्या सुयांनी कान गेले. थोडं कमी नाही, बिल्कुलच गेले. सप्टेंबरात एका सकाळी मी कुकर उतरवत होते, तर म्हणाले, "आज कुकर नाही लावलास? शिट्टी कशी नाही झाली?" मी त्यांच्यामागे उभी राहून भांडं आपटलं. त्यांनी मान वळवली नाही. तेव्हापासून मी कागदावर लिहिते आणि ते बोलतात. फार मोठ्यांदा बोलतात, कारण स्वतःचंही ऐकू येत नाही.

आणि प्रभाला कळव, असं ते म्हणाले नाहीत. मी तुम्हाला लिहिलं हे त्यांना माहीतही नाही. तुमचं नाव ते रोज घेतात, पण वेगळ्या कारणाने. कसं लिहू ते कळत नव्हतं, म्हणून इतके दिवस थांबले.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी हे मागच्या व्हरांड्यात उन्हाला बसले होते. मी मटार सोलत होते. एकदम म्हणाले, "वा." मला वाटलं माझ्याशीच काही बोलले. कागदावर लिहिलं, कुणाला म्हणालात? ते म्हणाले, "प्रभाला. अप्पांनी आम्हा दोघांना शिकवलेली यमनातली चीज घेतलीय तिने. फार दिवसांनी."

मी लिहिलं, प्रभा इथे नाही.

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण गातेय."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कान गेले की कधी कधी मेंदूच जुने आवाज वाजवत बसतो, वेड लागलेलं नाही, घाबरू नका. मला पटलं ते. पण डॉक्टर दुपारी आमच्या घरात नसतात. अलका कॉलेजात असते, शेजारच्या बायका लोकरीचं विणकाम घेऊन खाली हिरवळीवर जातात, जिना शांत असतो. आणि हे मान तिरकी करून ऐकत असतात. रजईवर बोटं हलत असतात. मी इतकी वर्षं यांची साथ पाहिली आहे, वन्सं. गाणारा पुढे गेला की यांची बोटं कशी मागे मागे जातात ते मला ठाऊक आहे. तशीच जातात. मध्येच थांबतात, तुमची जागा पुरी व्हायची वाट बघतात, मग परत चालू होतात. आवाज तुमच्या तेव्हाच्या वयाचा आहे म्हणतात. काळी पाच, तुमची ती उंच पट्टी.

एकदा थकून म्हणाले, "हेमा, तिला सांग, जरा थांब म्हणावं. मला झोप येतेय." मी काय करू? उठून बाहेरच्या खोलीत गेले. खोलीत दिवाण, टेबलफॅन, अलकाची पुस्तकं. मी दाराशी उभी राहिले आणि म्हटलं, "वन्सं, पुरे आता." मोठ्याने म्हटलं. परत आले तर हे झोपले होते. तेव्हापासून दुपारी मी त्या खोलीत एकटी जात नाही.

आणखी एक लिहिते, मग पुढे जाते. मी कागदावर विचारलं, माझा आवाज ऐकू येतो का कधी? ते म्हणाले, "खरं सांगू का? तुझा आवाज कसा होता ते मला आता आठवत नाही." खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? मी कागद घडी करून ठेवला आणि कणीक मळायला गेले.

त्या गणेशोत्सवाबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही. मी दुसऱ्या रांगेत होते, अलका मांडीवर. तुम्ही टायफॉइडमधून उठून फार दिवस झाले नव्हते. अंतऱ्यात वर जाताना तुमचा आवाज चिरला आणि तिथून सूर उतरत गेला. यांनी भाता बंद केला, पेटी मिटली आणि सगळ्यांसमोर उठून गेले. मांडवात पंख्यांचाच आवाज राहिला. तुम्ही तंबोरा हळूच खाली ठेवलात, ते मला अजून दिसतं. मग तुम्ही पानिपतच्या शाळेत नोकरी धरलीत. लग्नाची पत्रिका आली तेव्हा हे आले नाहीत आणि मलाही पाठवलं नाही.

तेव्हा मी विचारलं होतं, का उठलात? "बेसुराला मी साथ करत नाही," एवढंच म्हणाले होते. आता विचारलं तर वेगळं सांगतात. म्हणतात, पेटी बिघडली असं लोकांना वाटावं म्हणून मिटली, तिची लाज राखायची होती. खरं काय ते मला माहीत नाही. इतक्या वर्षांनी माणसाला सोसेल तसंच आठवतं.

कार्यक्रमाला या. यांना ऐकू येणार नाही, पण दिसतं नीट. तुम्ही समोर दिसलात तर कानातलं कदाचित थांबेल. ते थांबावं हे मला यांच्यासाठी हवंय की माझ्यासाठी, ते विचारू नका.

हेमलता


आर. के. पुरम
१५ जानेवारी १९७९

वन्सं,

काल कार्यक्रम झाला. तुम्ही आला नाहीत. मी पूर्ण वेळ दाराकडे बघत होते, त्यामुळे अर्धं गाणं माझंही ऐकायचं राहिलं.

हॉल भरला होता. फरीदाबाद, गाझियाबाद, कुठून कुठून लोक आले. धुकं दुपारपर्यंत उठलं नव्हतं, तरी आले. वृंदा म्हणून एक नवी मुलगी आहे, तिने दोन अभंग म्हटले. मंडळातले सूर्यकांत गायले. मंडळाच्या बायकांनी दाराशी तिळगूळ ठेवला होता. यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, गळ्याशी मफलर, अंगात मी विणलेला स्वेटर. लोक येऊन हात धरायचे, काहीतरी बोलायचे आणि हे सगळ्यांना "हो, हो" म्हणायचे.

मध्यंतरात म्हणाले, "मी वाजवणार."

भावजींनी कागदावर लिहिलं, भालू, तुला ऐकू येत नाही, कसं वाजवशील?

"मला ऐकू येतंय," हे म्हणाले. इतक्या मोठ्यांदा म्हणाले की मागच्या रांगेतले लोक बघायला लागले.

शेवटी त्यांना स्टेजवर नेलं. भावजी तबल्यावर बसले. आधीच्या गाणाऱ्यांचा माइक पेटीच्या शेजारी तसाच उभा होता, तो कुणी काढला नाही. सगळ्यांना वाटलं एखादी धून वाजवतील, टाळ्या होतील, संपलं. यांनी काळी पाच धरली. सूर भरला आणि थांबले. मग दोन-चार सूर, अगदी दबके, आणि परत थांबले. हॉलमध्ये चुळबुळ झाली. अलका माझ्या कानाशी म्हणाली, "आई, बाबा अटक गए क्या? विसरले का?"

मी तिचा हात धरला. मला कळलं होतं. ते एकटे वाजवत नव्हते. साथ करत होते. तुम्ही गात असताना पेटी जशी खालून खालून चालायची, ऐकू येईल न येईल अशी, तशी ती चालली होती. तुम्ही श्वास घेतलात की तेवढ्या जागेत यांचे सूर वर यायचे, पुन्हा मागे सरायचे. माइकसमोर कुणी नव्हतं.

आधी भावजी बावचळले. ठेका कुठला धरावा हेच कळेना. मग काही आवर्तनं गेली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हात हलका केला. बाईच्या गाण्याला धरतात तसा मऊ ठेका धरला. त्यांनी तुम्हाला ओळखलं होतं. माझ्या पुढच्या खुर्चीत मंडळातल्या जुन्या सरलाताई होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "ही चंद्रप्रभा गातेय. अप्पांची चीज आहे." शेजारच्या बाईंनी मान हलवली. कुणी हसलं नाही. खोकलाही दाबून ठेवला लोकांनी.

मला तुमचे शब्द ऐकू आले असं मी म्हणणार नाही. पण पुढचा शब्द कुठे पडणार, तान कुठे संपणार, ते कळत होतं. सगळ्या हॉलला कळत होतं. आपण सगळे एका रिकाम्या जागेकडे बघतो आहोत आणि त्या जागेत कुणीतरी श्वास घेतंय, असं वाटत होतं.

मग अंतरा आला. वर जायची ती जागा. त्या मांडवात बसलेले जे जे काल हॉलमध्ये होते, ते सगळे एकदम ताठ झाले. मी यांच्या डाव्या हाताकडे बघत होते, भात्याकडे. भाता थांबला नाही. बोटं वर गेली, तिथे थांबून राहिली, वाट बघत राहिली. बाजूला वळून, त्या माइककडे बघून हे म्हणाले, "घे. मी आहे." आणि मग अलगद खाली आले. चीज शेवटपर्यंत नेली.

टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना. भावजी उठले, यांना मिठी मारली. हे हसत होते. मला म्हणाले, "आज फार छान गायली ना?"

मी मान हलवली. बाकी काय करणार होते?

हेमलता


आर. के. पुरम
३ फेब्रुवारी १९७९

वन्सं,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. उद्या रविवार आहे, शशिकांतभावजी स्वतः पानिपतला निघाले आहेत. ते तुमच्या हातात देतील. तुम्ही घरी असाल तर. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसापासून ते गाणं थांबलं. आधी मला बरं वाटलं. मी दुपारी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलेसुद्धा. हे गाढ झोपायचे. मग जाग आली की इकडे तिकडे बघायला लागले. "प्रभा आज गायली नाही." पुढच्या दिवशी पुन्हा तेच. मग दारापर्यंत जाऊन बघायला लागले. मी लिहिलं, बरं झालं, आता आराम मिळेल. त्यांनी कागद वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी तो परत घेतला.

परवा सकाळी यांनी स्वतः नळाखाली बादली लावली आणि डोक्यावरून गार पाणी घेतलं. या थंडीत, ही छाती घेऊन. कुणी गेल्याचं कळल्यावर करतात तशी अंघोळ. ओल्या अंगाने भिंतीकडे तोंड करून बसले. मी टॉवेल गुंडाळला, लिहिलं, हे काय करताय?

"प्रभा गेली," ते म्हणाले.

कुणी सांगितलं?

"सांगायला कशाला हवं कुणी? गाणं थांबलं."

त्या दिवसापासून गोळ्या घेत नाहीत. हातावर ठेवली की मूठ उघडत नाहीत. डॉक्टर रागावले, म्हणाले गोळ्या अशा मध्येच सोडल्या तर दुखणं उलटेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. अलका रडली, पाया पडली. तिच्या डोक्यावरून हात फिरवतात, पण गोळी घेत नाहीत. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, प्रभा आहे, पानिपतला आहे, सुखरूप आहे. ते म्हणाले, "तुला काय माहीत?"

आणि मला खरंच काय माहीत आहे, वन्सं? माझ्या तीन पत्रांना तुमचं उत्तर नाही. मी समजत होते की तुम्ही रागाने लिहीत नाही. परवापासून मनात दुसरंच येतं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावतानाही तेच. मी कुणाला लिहीत होते इतके दिवस, असं वाटतं.

तुम्ही असाल तर भावजींबरोबर या. चिठ्ठी देऊ नका, चिठ्ठीने भागायचं नाही. अक्षर कुणीही काढू शकतं असं म्हणतील. राग धरूनच या. आल्यावर त्यांच्याशी एक अक्षर बोलू नका, तसंही त्यांना ऐकू येणार नाही. फक्त समोर उभ्या राहा.

हेमलता


आर. के. पुरम
१८ मार्च १९७९

प्रिय वन्सं,

तुम्ही पानिपतला पोचल्याचं विनायकरावांचं कार्ड आलं. तुमचं स्वतःचं पत्र नाही, पण आता मला त्याची भीती वाटत नाही.

तुम्ही इथे होतात त्या दिवसांचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे, ते परत कशाला लिहू? पण माझ्या जागेवरून कसं दिसलं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा मी आधी तुमचे पाय बघितले. जमिनीवर आहेत ना, ते. हसाल तुम्ही. मग तुमचे पांढरे झालेले केस बघितले आणि मला रडू फुटलं.

यांनी तुमच्याकडे किती वेळ बघितलं. "तू गेलीस ना?" म्हणाले. तुम्ही माझ्या हातातला कागद घेतलात आणि त्यावर एकच शब्द लिहिलात, "आहे." त्यांनी तो कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का बघितलं. मग तुमचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. संध्याकाळी तुम्ही हातावर ठेवलेली गोळी त्यांनी निमूट गिळली. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

तुम्ही त्या मांडवातल्या दिवसाबद्दल त्यांना काही विचाराल असं मला रोज वाटायचं. तुम्ही विचारलं नाहीत. त्यांनीही सांगितलं नाही. दोघं उन्हात बसून संत्री सोलत होतात.

आणि मग त्यांनी पेटी मागितली. ते मला लिहायलाच हवं, कारण त्या दिवशी ऐकणारी मी एकटीच होते. यांना ऐकू येत नव्हतं आणि तुम्ही गात होतात.

त्यांनी काळी पाच धरली, तुमच्याकडे बघून मान हलवली. तुम्ही "नको" म्हणालात, ते त्यांना दिसलं असणार, तरी भाता चालूच ठेवला. मग तुम्ही अप्पांची चीज धरलीत. पहिली ओळ कशीबशी त्या पट्टीत घेतलीत. मग आवाज खाली आला तो आलाच. पेटी वर, तुम्ही खाली. सूर सुराला लागेना. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण मलाही ऐकवेना. दाराची चौकट धरून मी उभी होते आणि मनात म्हणत होते, आता थांबतील, आता उठतील. यांना काही पत्ता नव्हता. ते तुमच्या गळ्याकडे, ओठांकडे बघून जागा भरत होते आणि त्यांचा चेहरा इतका शांत होता. तुम्हाला मात्र सगळं ऐकू येत होतं. तुम्ही उठला नाहीत. अंतऱ्यात तुमचा आवाज फाटला, तरी पुढे गेलात. शेवटची ओळ दोनदा घेतलीत.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "बरोबर झालं का गं?" तुम्ही मान हलवलीत. तेव्हा तुमच्या डोळ्यांत काय होतं ते मी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी हे झोपलेले असताना तुम्ही पेटी बाहेरच्या खोलीत आणलीत आणि एकेक पट्टी दाबून बघत होतात, आपला आवाज आता कुठे बसतो ते. मी चहा घेऊन आले. तुम्ही म्हणालात, "पांढरी चार. बघा वहिनी, एवढी खाली आले. दादाला नका सांगू." मी सांगितलं नाही. शपथेवर लिहिते. अलका तेव्हा घरात नव्हती.

आता कालचं लिहिते. गोळ्या वेळेवर चालू आहेत, वजन थोडं वाढलं आहे, डॉक्टर खूश आहेत. तुम्ही गेल्यापासून घर शांत होतं. काल दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. यांनी मान तिरकी केली. मी घडी तशीच हातात धरून उभी राहिले. ते उठले, पेटी उघडली, बोट ठेवलं. काळी पाचवर नाही. पांढऱ्या पट्टीवर. मी जवळ जाऊन पट्ट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. पांढरी चार होती.

मी कागद घेतला. लिहिलं, ही पट्टी कुणाची?

"प्रभाची," ते म्हणाले. "परत आली ना. आवाज जाड झालाय, म्हातारी झालीय माझ्यासारखी. वर जायच्या आधी मध्येच दम घेते. पण सूर खोटा नाही." आणि मग माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, हल्ली इतकं हळू बोलतच नाहीत ते, "बस ना हेमा. तूही ऐक."

मी बसले. त्यांची बोटं चालू होती. श्वासाच्या जागा नव्या होत्या, आधीच्या नव्हत्या. तुम्ही इथे त्या दिवशी जिथे जिथे थांबला होतात, तिथे तिथे पेटी थांबत होती. आणि दोन-तीन ठिकाणी वेगळीच थांबली, तिथे तुम्ही थांबला नव्हतात.

वन्सं, मी डॉक्टरांना यातलं काही सांगणार नाही. या वेळी मी "पुरे" असंही म्हटलं नाही. तुम्हाला फक्त एक विचारते. तुम्ही तिकडे परत गायला लागलात का? दुपारी, शाळेतून आल्यावर, घरात कुणी नसताना? तसं असेल तर लिहा. नसेल, तर या पत्राला उत्तर देऊ नका.

तुमची,
हेमलता